टाकीत सोडलेलं पहिलं टरबूज

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं वय मी कधीच मागं टाकलं. तुम्ही बाप, मी लेक, पण आज दारात येऊन उभे राहिलात तर मीच थोरली दिसेन, आणि बघणाऱ्याला वाटेल, म्हातारीचा धाकटा भाऊ आला. हे मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. मला अक्षर आलं नाही ते आलंच नाही, तुम्हालाही येत नव्हतं. म्हणजे सांगणारी अडाणी, ज्याला सांगायचं तो अडाणी, आणि मधे ही एकटी शहाणी चष्मा लावून बसली आहे. मी दोन वाक्यं सांगते आणि ही चार ओळी लिहिते. कुठल्या ओळी हिच्या पदरच्या आहेत ते मला कळायचं नाही. तुम्हाला काही जास्तीचं, गोडगोड वाटलं तर ते हिचं धरा.

पत्राचं कारण बी आहे. तुमचा तो बिया ठेवायचा भोपळा, वाळवलेला, बुडाला भेग गेलेला, अजून माझ्याकडे आहे. नात अंबाजोगाईला शेतीचं शिकते. तिला त्यातलं टरबुजाचं बी पाहिजे. नुसतं दिलं असतं, पण ही वही घेऊन बसली. "आज्जे, बी कुणाचं, कुणी दिलं, कावून दिलं, हे लिहावं लागतं." मी म्हटलं, दादांनी दिलं. "पण मामाआजोबाला सोडून तुला कावून? बी तर लेकाच्या घरी राहतं म्हणतीस तू." आता याचं खरं उत्तर द्यायचं तर ते आधी तुम्हाला द्यायला पाहिजे. तुम्हाला न सांगता हिच्या वहीत कसं लिहू?

तर ऐका. सध्या मी सिरसाळ्याला नातवाजवळ असते. तो घर बांधतो आहे. दिवाळीच्या आधी दारात वाळू आणून टाकली, मग गवंडी पळाला, दुसरा मिळेना, आणि ढीग तसाच पडून राहिला. वाळूचा ढीग रिकामा दिसला की माझा हात शिवशिवतो, ही खोड तुमची. चार खड्डे केले, लेंडीखत घातलं, बी टाकलं. नातवाला म्हटलं, आपोआप उगवलं बाबा, कुणी तरी खाऊन बी थुंकलं असेल. त्याचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण रोज संध्याकाळी बादलीभर पाणी तोच ओततो. आता फाल्गुन लागला. ढिगावर तीन फळं धरलीत. त्यातलं एक नारळाएवढं आहे, देठाजवळचा तणावा वाळायला आलाय, म्हणजे पिकलंच. आणि गवंडी सापडला. शनिवारी स्लॅब आहे. नातू रोज माझ्याकडे बघतो, मी ढिगाकडे बघते.

आपली नदी होती तेव्हा ढिगाचं कौतुक नव्हतं. दिवाळी झाली, पाणी उतरलं, की सगळं पात्र आपलं. जमीन नावावर एवढीशी, ती पण काठावरची, पण वाळू डोळा पुरेल तिथवर. तुम्ही पाझर लागेपर्यंत चर काढायचे, माय शेणखत कालवायची, वाऱ्याला आडोसा म्हणून तुराट्या रोवायच्या. बी मात्र मायच्या हातचं. ओल्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी चुलीच्या भानवशीला, उबेला ठेवायची, आणि मोड येईपर्यंतच्या त्या तीन दिवसांत आम्हाला चुलीजवळ भांडायची बंदी. आणि पहिलं फळ नदीचं. त्याला हळदकुंकू लावून तुम्ही गुडघाभर पाण्यात जायचे, सोडून यायचे, आणि मागं वळून बघायचं नाही. तोवर वाळूतल्या आपल्या वाडीतलं फळ कुणी तोंडाला लावायचं नाही, मग ते पिकून फुटो, कोल्हा खावो. मी सहा वर्षांची असताना एकदा चोरून फोडलं होतं तर तुम्ही मारलं नाही, नुसतं म्हणालात, "तिच्या आधी जेवलीस व्हय?" जणू काय नदी म्हणजे घरातली थोरली जाऊ. त्या बोलण्यानं मी दोन दिवस पाण्यात पाय घातला नव्हता.

मग धरण आलं. माझं लग्न होऊन मी सासरी होते, गाव उठलं तेव्हा मी नव्हते. आले ते नव्या गावात, पहिल्या बाळंतपणाला. नवं गाव म्हणजे माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. ह्या रेघेत तुमचा पलाट, त्या रेघेत देऊळ, तिकडं शाळा. शाळा आणि देऊळ रेघेतच होते अजून. शेतीला जो तुकडा मिळाला तो बघायला तुम्ही मला घेऊन गेलतात. पहारीनं एक ठोका घातलात, ठिणगी उडाली. दुसरा घातलात, पहार वाकडी झाली. मग तुम्ही उकिडवे बसून मुरूम हातात घेतलात, चोळलात, आणि म्हणालात, "ह्येच्यात काय येत आसंल बाई?" मी म्हटलं, "दादा, पुढच्या साली दगडं चांगली येतील." तुम्ही हसलात. माय मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, माणूस खचलाय आन् हिला थट्टा सुचती.

मला थट्टा सुचायची, हे खरंच आहे. पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

तुम्ही काम शोधायला कालव्याच्या कॉलनीत गेलात ते मी यायच्या आधीच; तो तुकडा मला दाखवलात तो सुट्टीला आलात तेव्हा. ही कॉलनी नदीपासून लांब, वरच्या माळावर. चालत अर्धा दिवस. कालवा खोदणाऱ्या साहेब लोकांसाठी बांधलेली, पिवळ्या भिंतींची, रांगेतली घरं. कारकुनानं तुम्हाला काय विचारलं ते तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं असल्यासारखं मला पाठ आहे. तो म्हणाला, "काय येतं?" तुम्ही म्हणालात, "टरबूज येतं." तो म्हणाला, "ते नव्हं. आनखी काय येतं?" तुम्ही विचार करून म्हणालात, "खरबूज." तो हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला, आणि त्या हसण्यावर तुम्हाला काम मिळालं. पाहुणे साहेबांच्या बंगल्यापुढं बाग करायची होती, तिथं माळी म्हणून. कामावर घेतलं, पण कच्चं. वर्षभर काम बघू, मग कायम करू, असं. कायम झालं की पत्र्याच्या खोलीऐवजी पिवळ्या भिंतीची खोली, आणि मग मायला, धाकट्या भावाला तिथंच आणायचं, त्या मुरमाकडे पुन्हा बघायचं नाही. मायनं तर चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची ते न बघितलेल्या खोलीत ठरवून ठेवलं होतं. सगळं घर त्या 'कायम'वर डोळा लावून बसलेलं.

कॉलनीत दवाखाना होता, नर्स होती. म्हणून मायनं मला सातवा लागताच तुमच्याकडे पाठवलं. "तितं नर्स हाय, आन् त्येंला दोन भाकरी बी मिळतील." मी आले तेव्हा तुम्ही बंगल्यापुढं पाईप धरून उभे होतात आणि तोंड असं केलं होतं की जसं कुणी तुमच्याकडून पापच करून घेतंय. हिरवळ! पाणी घालायचं, वाढवायचं, कापायचं, आणि कापलेलं गवत म्हशीला न घालता ढिगाला लावून जाळायचं. "बाई, म्हस न्हाई तर गवत कावून?" मी म्हटलं, "साहेबलोक खात आसतील." तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "म्या बी तसंच समजलं आधी. पर आजून कुनी खाताना दिसलं न्हाई."

आणि मग तुम्ही मला गोदामाच्या मागं नेलं. अजून ते तोंड माझ्यासमोर आहे. गोदामाच्या मागं वाळूचा डोंगर. बांधकामासाठी ट्रकांनी आणून टाकलेला. तुम्ही मूठ भरून माझ्या हातावर ओतली. "वळख." मी म्हटलं, वाळू. "कुटली?" मला काय कळतंय? तुम्ही त्यातली एक चपटी, काळी, आतून लाल रेघेची गोटी काढून दाखवली. तसली गोटी आपल्याच वळणावर सापडायची, महादेवाच्या कट्ट्याखाली. लहानपणी त्याच गोट्यांनी आम्ही गजगे खेळलो. तुमच्या आधी आपली वाळू कॉलनीत येऊन राहिली होती. तिच्याकडे कुणी अर्जसुद्धा मागितला नव्हता. त्या डोंगराच्या उतारावर तुम्ही कार्तिकातच बी लावून ठेवलेलं. वेल हातभर झाले होते. हिरवळीला एक पाईप पाणी आणि वाळूला दोन, असा तुमचा कारभार चालला होता, आणि साहेबांना वाटत होतं की माळी फारच राबतो.

फाल्गुनात फळं तयार झाली. कॉलनीच्या साहेबांच्या बाईसाहेबांना ती गोदामाच्या खिडकीतून दिसली आणि त्यांना काय आनंद! रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो माळी, परवा मोठे साहेब येणार आहेत. तुमच्या अर्जावर सही तेच करणार. त्यांच्या जेवणात हेच कापू आपण." दुसरा कुणी असता तर तिथंच तोडून पायाशी ठेवलं असतं. तुम्ही म्हणालात, "परवा न्हाई जमायचं बाईसाहेब." "का हो? पिकलंय की." "पिकलंय. पर पयलं नदीला जायाचंय." त्यांना वाटलं, तुम्ही नदीवर विकायला नेणार. मग त्यांचा चेहरा उतरला.

खोलीवर आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. नदी अर्धा दिवस जायला, अर्धा यायला. मोठे साहेब येणार म्हणून सगळ्यांच्या सुट्या बंद. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "टरबूज बुडवायला सुट्टी? बे, तू काय डोक्यावर पडलायस का?" नदीला न देता फळ कापायला दिलं तर रीत मोडते, आणि फळ नाही दिलं तर सही जाते. तुम्ही दारात बसून नुसतं माझ्याकडे बघत होतात. माय असती तर तिनं काही तरी नीट सांगितलं असतं. मी भाकरी थापत होते, पोट आडवं येत होतं, पाय सुजलेले, वैताग आलेला. मी म्हटलं, "दादा, आपली वाळू कॉलनीत आली तशी नदी बी आलीच की. नळाला तिचंच पानी हाय. ती बगा वर टाकीत बसलीय. तिथंच सोडा तुमचं टरबूज, लई लांब जायाला नगं."

थट्टा केली होती, दादा. तुम्ही हसाल, मग जेवाल, एवढ्यासाठी. तुम्ही हसला नाहीत. मान हलवत राहिलात आणि मग म्हणालात, "खरंच की. पानी तर तिचंच हाय." आणि जेवायला बसलात. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर उलटी थट्टा करताय. तुमची पण सवय तीच.

पहाटे तुम्ही परत आलात तेव्हा तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं नव्हतं, बाही कोपरापर्यंत ओली होती आणि अंगठ्याला कुंकू. म्हणालात, "दिलं. वळून बी बगितलं न्हाई." मी विचारलं नाही कुठं. विचारायला पाहिजे होतं.

उजाडल्यावर फिल्टरचं पाणी बघणारा माणूस झाकण उघडायला वर चढला आणि वरूनच ओरडला. लोखंडी शिडीवरून तो उतरला की पडला ते त्यालाही सांगता आलं नाही. टाकीत हळदकुंकू लावलेलं हिरवं गोल काही तरी तरंगतंय! पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. करणी. भानामती. घटकाभरात कॉलनीभर झालं. रांगेतल्या बायकांनी भरलेल्या घागरी दारातच पालथ्या केल्या. शिकलेली माणसं, घड्याळं लावलेली, चूळ भरून भरून थुंकत होती. एकानं तर दाढीला लावलेला फेस तसाच ठेवला, त्या पाण्यानं धुवायला नको म्हणून. आणि सगळ्यांच्या मनात एकच आलं. टाकीजवळ रोज कोण असतं? तिथलं आवार झाडणारी एक बाई होती, नवरा नसलेली, कुणाशी जास्त न बोलणारी. मला लिंबाचं लोणचं तिनंच आणून दिलं होतं, न मागता. तिला धरून आणली. झाडू तिच्या हातातच होता. कुणी म्हणतंय, हिच्या डोळ्यातच तसं हाय. कुणी म्हणतंय, माझ्या पोराचा ताप हिनंच आणला. ती नुसतं म्हणत होती, "मला काय ठाव, बाप्पा, मला काय ठाव."

मी आपल्या पत्र्याच्या दारात उभी. मला सगळं कळलं होतं. तुमचा अंगठा मी बघितला होता, आदल्या संध्याकाळी तोंड मीच चालवलं होतं. तिथं दोघंच जण होते ज्यांना खरं माहीत होतं, आणि गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सही होणार होती. त्या बाईला फार तर हाकलून दिलं असतं, ती दुसरीकडं झाडलोट करत राहिली असती. मी असा हिशोब करत उभी होते हे तुम्हाला आज सांगते. तुम्ही हिशोब केला की नाही माहीत नाही. तुम्ही पाईप खाली ठेवलात, नळ बंद केलात, पाणी वाया जाऊ नये म्हणून तोटी नीट आवळलीत, आणि गर्दीत शिरलात.

"सायेब, तिला सोडा. त्ये म्या सोडलंय."

कॉलनीचे साहेब नुसत्या बंडीवरच आले होते बाहेर. "तू? टाकीत? कशासाठी?"

"तुमाला खायाला मिळावं म्हनून."

साहेबांनी पुन्हा तेच विचारलं. तुमच्या मनात ते इतकं सरळ होतं की तुम्हाला वाटलं, एवढ्यात समजेल. मग तुम्ही समजावून सांगायला लागलात. पहिलं फळ नदीचं, नदी लांब, पाणी तिचंच, तिला दिल्याशिवाय बाईसाहेबांना कसं देऊ, आणि हे सगळं साहेबांच्याच जेवणासाठी. जितकं समजावलंत तितके साहेब लाल होत गेले. "हे शहाणपण कुणी शिकवलं तुला?" मी दारात होते, पंधरा पावलांवर. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुनी न्हाई सायेब. आमची रीतच हाय."

त्या बाईला सोडलं. तिनं झाडू उचलला आणि जिथं अर्धवट राहिलं होतं तिथून पुन्हा झाडायला लागली. मला ते फार आवडलं होतं.

टाकी रिकामी करायचं ठरलं. खालचा मोठा नळ उघडला आणि एवढं पाणी मोकाट सुटलं की बंगल्यापुढची हिरवळ बुडाली, तिथून ते ओढ्याला लागलं. तुम्ही बाजूला उभं राहून बघत होतात. मग माझ्याजवळ आलात आणि हळूच म्हणालात, "वढा कुटं जातो ठाव हाय का? नदीलाच. पोचलं बग तिला." हातचं काम चाललं होतं तुमचं, आणि तुमच्या तोंडावर मात्र हे.

मोठे साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले तेव्हाही कॉलनीत हात धुवायला पाणी नव्हतं. ऊन तर असं की बोलूच नका. घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी स्वतःच विचारलं, गोदामामागं टरबूज दिसतात ती कुणाची. त्यांनी कापायला लावलं, अख्खं एक संपवलं, बोटं चाटली, आणि म्हणाले, "इतकं गोड मी खाल्लं नाही. लावलं कुणी?" मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली साल खाली ठेवली म्हणे. "माणूस चांगला आहे," म्हणाले, "पण ठेवता येणार नाही." आणि खरंच, त्यांनी तरी काय करावं?

चार दिवसांनी ट्रक आला आणि वाळू वेलांसकट उचलून नेली. आपण नव्या गावाला परत आलो. माझा थोरला त्या मुरमावरच्या खोपटात झाला, नर्सशिवाय. नीट झाला. मायनं बाळंतिणीची भांडी घासता घासता कॉलनीतल्या खोलीची चूल मोडली, म्हणजे पुन्हा तिचं नाव काढलं नाही. तुम्ही मग काय काम धरलंत ते हिला सांगितलं तर हिला खरं वाटेना. वाळू नेणाऱ्या ट्रकवाल्यांना तुमच्यासारखा माणूस पाहिजेच होता. कुठली वाळू स्वच्छ, कुठं खाली गाळ, कुठं पाझर, हे नदीतल्या माणसाशिवाय कोण सांगणार? पाणी चढेपर्यंत दोन वर्षं तुम्ही पुढं बसून जायचे आणि बोट दाखवायचे, इथं खांदा, इथं नको. आपली वाडी तुम्ही तुमच्या बोटानं दाखवून दाखवून संपवलीत. चांगली वाळू आधी, गाळाची मागून. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? तुम्ही म्हणालात, "पान्याखाली जानारच हाय. घराला लागली तर कुनाच्या तरी डोक्यावर सावली करंल." त्यावर मी थट्टा केली नाही, बघा.

भोपळा तुम्ही मला दिलात तो मी सासरी निघाले त्या दिवशी. धाकटा तोंड फुगवून बसला. त्याचं बरोबर होतं, बी लेकाच्या घरी राहतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आसू दे. कालनीत समदे माज्यावर वरडत हुते तवा एकटीच्या डोळ्यात पानी हुतं. हिच्याकडं बी मरायचं न्हाई." आणि मग तुम्ही जिथं जाल तिथं ते सांगत राहिलात. पावण्यांना, जावयाला, शेवटी अंथरुणावर पडल्यावर धाकट्याच्या बायकोलासुद्धा. म्हणायचे, "माज्या बाईनं त्या दिवशी डोळ्याला पदर लावला हुता." धाकटा मरेपर्यंत मला राखीला म्हणायचा, "रडूबाई, भोपळा हाय ना बरा?" मी म्हणायची, हाय.

बी मी मरू दिलं नाही, तेवढं खरं. दरसाल घमेल्यात, डब्यात, जिथं ओंजळभर वाळू मिळेल तिथं चार वेल धरले. फळ कधी लिंबाएवढं, कधी मुठीएवढं, पण बियांपुरतं यायचं. यंदा पहिल्यांदा ढीग मिळाला तर हे नारळाएवढं आलं. आज सकाळी नातवानंच विषय काढला. म्हणाला, "आज्जे, शनवारच्या आधी ह्ये तोडावं लागंल." मी म्हटलं, तोड, पण कुणी खायचं नाही, आधी नदीला जायचंय. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे बघितलं. तुमची गोष्ट त्याला पाठ आहे. म्हणाला, "टाकीत न्हाई हं आज्जे. मी गाडीवर नेतो तुला धरणावर. उद्याच जाऊ." एवढ्यासाठी शिकवलं पोराला.

म्हणजे उद्या जायचं आहे. ही भोपळ्यातलं अर्धं बी घेऊन सोमवारी अंबाजोगाईला जाईल. त्याआधी हिच्या वहीतली ती जागा भरायची राहिली आहे, कावून दिलं ती. ही म्हणते, पत्र घडी करून भोपळ्यातच ठेवू, बियांबरोबर. ठेवू दे. तुम्हाला पाठवायला पत्ता कुठं आहे, आणि तिथं वाचून दाखवायला कोण बसलंय?

तर ते असं झालं. तुम्ही समजावत होतात, साहेब ओरडत होते, आणि त्यांच्या मागं टाकीतून खाली उतरवलेलं ते टरबूज नेलं जात होतं. हात कुणी लावेना, म्हणून दोन फावड्यांवर तोलून धरलेलं. पुढं एक इंजिनियर, मागं एक इंजिनियर, दोघांनी तोंडाला रुमाल बांधलेले, आणि पाय इतके जपून टाकत होते की जसं फावड्यावर नाग बसलाय. मधे ते टरबूज कुंकू लावून नवरीसारखं डुगडुगत चाललेलं. आणि मागून तो दाढीचा फेस वाळलेला माणूस विचारत होता, "पुरायचं का जाळायचं? पुरायचं का जाळायचं?" मी पदर तोंडात कोंबला, डोळ्यावर ओढला, तरी अंग गदगदा हलत होतं, पोटातलं पोर लाथा मारत होतं. त्याच वेळी तुम्ही वळलात. मला बघितलंत. त्या सगळ्या आरड्याओरड्यात तुम्ही चालत माझ्याकडे आलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "रडू नगं बाई. हुतंय आसं."

मी रडत नव्हते, दादा. हसत होते.

बी तेवढं ठेवून घेते.